घट्ट आहे, बाबा

हादेबेला गाडीखालून बाहेर काढणं फक्त त्याच्या बायकोला जमायचं. ती गेली आणि मग तो गाडीखालीच राहायला गेला म्हणा ना. मी शेजारीण. आमच्या दोन अंगणांमध्ये कुंपण म्हणून एक तुटका पत्रा आणि एक पपईचं झाड आहे. मी फाटकाशी टोमॅटो आणि पालेभाजी मांडून बसते. तिथून मला त्याचे दोन पाय दिसायचे. सकाळी पाय, दुपारी पाय. तोंड बघायचं असेल तर जेवायच्या वेळेची वाट बघायची.

"हादेबे, जिवंत आहेस का रे?" मी ओरडायची.

"अजून तरी."

"मग जरा पाय हलव. माझी गिऱ्हाइकं घाबरतात."

मग एक पाय हलायचा. गल्लीत मी कुणालाच अहो-जाहो करत नाही आणि आता या वयात मला कुणी शिकवूही नये. हादेबेची बायको आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. तिला सगळे बेकीची आई म्हणायचे आणि मला माहेरच्या कुळावरून मान्योनी. आमच्या बुलावायो शहरात तेव्हा रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा वाजला की आमच्या चुली पेटायच्या. हादेबे त्या कारखान्यात मालगाड्यांचे ब्रेक बसवायचा. आख्खं आयुष्य त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या थांबवण्यात घालवलं.

स्वतःची गाडी मात्र थांबायची तेव्हा थांबायची. साईच्या रंगाची, लांबुडकी, नवरा-बायकोनं पोटाला चिमटा घेऊन घेतलेली ती गाडी घेतली तेव्हाच म्हातारी होती, म्हणून गल्लीनं तिचं नाव गोगो ठेवलं. गोगो म्हणजे आमच्याकडे आजी. आजीचं स्टेअरिंग इतकं सैल की हादेबे आधी वळायचा आणि गाडी मग विचार करून वळायची. ब्रेक दोनदा मारला की तिसऱ्यांदा लागायचा. हँडब्रेक नुसता शोभेला. चढावर गाडी उभी केली की बेकीची आई मांडीवरची वीट घेऊन खाली उतरायची आणि चाकाखाली लावायची. चर्चला जाताना चांगला इस्त्रीचा चर्चचा गणवेश आणि त्यावर वीट! मी हसून हसून मरायची.

"हसू नकोस," ती म्हणायची. "माझ्या नवऱ्यापेक्षा या विटेवर माझा जास्त भरवसा आहे."

आणि ब्रेकची हवा काढायचा दिवस म्हणजे गल्लीला तमाशा. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी पाना घेऊन झोपायचं. वरच्यानं दाबलं की खालच्यानं नट सैल करायचा, हवा आणि तेल फुसफुसत बाहेर येतं, मग नट आवळायचा आणि वरच्यानं पाय सोडायचा. पुन्हा दाबायचं. पेडल दगडासारखं घट्ट होईपर्यंत हेच चालू. बेकीची आई चपला काढून हादेबेच्या जागेवर बसायची.

"घट्ट आहे का?" खालून हादेबे.

"कसलं घट्ट! चिखलात पाय घातल्यासारखं वाटतंय. परत कर."

"आता?"

"खाली जातंय अजून! बहिरा झालास का? हळूहळू खाली जातंय, म्हणजे कुठूनतरी गळतंय. शोध."

"तू मला ब्रेक शिकवतेस?"

"तू मला मारशील कुठेतरी नेऊन! शोध म्हटलं ना!"

तो शिव्या घालत शोधायचा, आणि गळती सापडायचीच. त्या बाईनं कधी उगाच 'हो' म्हटलं नाही. जेवणाला बरं म्हटलं नाही, पाद्रीबाबाच्या प्रवचनाला बरं म्हटलं नाही, तर ब्रेकला काय म्हणणार. मग एका हिवाळ्यात छातीत कफ धरला आणि गेली. दफनाच्या दिवशी हादेबे माझ्याजवळ येऊन इतकंच म्हणाला, "मान्योनी, आता घरात गप्प गप्प वाटणार."

घरात तो आणि सून. सेन्झेनी, बेकीची बायको. बेकी जोहान्सबर्गला भिंती रंगवायला गेला तेव्हा तिचं लग्नाचं नवेपणही अजून उतरलं नव्हतं. पहिली एकदोन वर्षं तो नाताळाला आला, घोंगड्या आणि साबण घेऊन आला. मग नुसते फोन. मग फोनही अधूनमधून. पण फोनवर एक गोष्ट तो न चुकता बोलायचा.

"बाबा, गोगोचे ब्रेकचे पाइप बदलू नका. इथे नवे मिळतात, अगदी पेटीतले. मी येताना सगळे घेऊन येतो."

झालं! हादेबेनं ते वाक्य गल्लीभर वाटलं. "पाइप येणार आहेत." कुणी म्हटलं, हादेबे, गाडीखाली तेल दिसतंय, की हा म्हणायचा, "पाइप येणार आहेत." जुने पाइप गंजले की पॉलिश कागदानं घासायचा आणि वर काळा रंग मारायचा. नव्यासारखे दिसायचे. मी एकदा म्हटलं, "अरे, भंगारवाल्याकडून घे ना दुसरे तोवर." तर म्हणाला, "मुलगा आणणार आहे ते पुरे आहेत. घरात दोन दोन जोड कशाला?" पोराच्या शब्दावर दुसरं काही आणून ठेवलं तर पोरगा येणारच नाही, असं काहीतरी त्याच्या मनात असणार. बोलला नाही कधी.

सेन्झेनी गुणाची पोर. इतकी गुणाची की मला कधीकधी तिला हलवावंसं वाटायचं. सासरा अंगणात आला की ही गुडघे टेकून बोलणार, नजर जमिनीवर. त्याचं नाव घेणार नाही, त्याच्या खुर्चीवर बसणार नाही, आवाज चढवणार नाही. आम्ही सगळ्या असंच केलं म्हणा. मीही माझ्या सासऱ्याला 'मीठ संपलंय' हे सांगायला नणंद शोधत फिरायची. पण आमच्या घरात सासूबाई होत्या भांडायला. या घरात भांडणारं माणूस मातीत गेलेलं. हादेबे म्हणणार, आज ऊन कमी आहे. ही म्हणणार, हो बाबा. हादेबे म्हणणार, बेकी या नाताळाला येतोय. हो बाबा.

त्या सकाळी हादेबेचा फोन वाजला तेव्हा गोगो जॅकवर होती, स्टेअरिंगचा दांडा काढून जमिनीवर ठेवलेला. माणसं आणि सामान एकाच गाडीत कोंबून सीमेपलीकडून आणणारे मलायिचा असतात, त्यांच्यापैकी एकाचा फोन. हादेबेनं ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"बेकी येतोय," तो म्हणाला.

"अगं बाई! येऊ दे की मग. असा काय चेहरा केलास?"

"आजारी आहे. बसवत नाही म्हणे. गाडीत ओकतोय, बाकीची माणसं ओरडतायत. तो मलायिचा म्हणतो, मी उद्या सकाळी त्याला म्बालाबालाच्या फाट्यावर दुकानांपाशी उतरवणार, शहरापर्यंत आणत नाही. येऊन घेऊन जा."

सेन्झेनी मोरीपाशी भांडी घासत होती. तिचा हात थांबला. थोड्या वेळानं पुन्हा घासायला लागली, पण एकच ताट.

मी म्हटलं, "भाड्याची गाडी बघ." हादेबेनं बघितली. मीही चार ठिकाणी फिरले. पंपावर पेट्रोल नव्हतं, रांगेत नुसत्या रिकाम्या गाड्या झोपलेल्या. एका कॉम्बी टॅक्सीवाल्याकडे होतं, तर तो म्हणाला, आजारी माणूस गाडीत दगावला तर मला गाडी धुवून घ्यावी लागते, शुद्ध करून घ्यावी लागते, नको रे बाबा. अँब्युलन्सचा फोन नुसता वाजत राहिला. गोगोच्या नावानं मात्र हादेबेनं खाटेखाली एक कॅन भरून ठेवला होता. बेकी आला की त्याला फिरवायला.

"माझा मुलगा माझ्या गाडीतून घरी येईल," तो म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

त्या दिवशी त्यानं जे काम केलं ते बघायला त्याची बायको हवी होती. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा बॉल झिजला होता. तो त्यानं रस्त्यापलीकडच्या मेलेल्या गाडीचा काढून आणला आणि ठोकून बसवला. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून चाकं सरळ रेषेत आणली. एक डोळा मिटून दोरीकडे बघत बसला, पुन्हा अर्धा आटा फिरवला, पुन्हा बघितलं. स्टेअरिंग हातानं हलवून दाखवलं मला. हललं की चाक हललं. आजी बाई एकदम तरुण झाली.

मग ब्रेक. चाकांमधली रबरं गळत होती, ती बदलली. पाइप पुसले, घासले. आणि हवा काढायची वेळ आली तेव्हा तो गाडीशेजारी उभा राहिला आणि रिकाम्या सीटकडे बघत राहिला.

"मी बसते," मी म्हटलं. "माझा पाय बघ केवढा आहे."

"तू बसलीस तर गाडी जॅकवरून खाली येईल, मान्योनी. मी खाली असणार आहे."

"मेल्या! जा मग, कर एकट्यानं."

हसला तो. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मला कळत होतं. त्या सीटवर तिच्यानंतर कुणी बाईमाणूस बसलेलं त्याला चालणार नव्हतं. तेवढ्यात सेन्झेनी आली. हात कमरेच्या कापडाला पुसत आली आणि गाडीच्या उघड्या दाराशी बाहेरच गुडघे टेकून बसली. सासऱ्याच्या जागेवर सून कशी बसेल? आत वाकली आणि दोन्ही हातांचे तळवे तिनं पेडलवर ठेवले.

हादेबेनं बघितलं. बरोबर आहे, असंच असायला हवं, अशी मान हलवली आणि खाली झोपला.

"दाब."

"दाबलं, बाबा."

"सोड."

"सोडलं, बाबा."

एकेक चाक झालं. तो खाली, ती बाहेर गुडघ्यांवर, आणि स्टेअरिंगपाशी कुणीच नाही. दर वेळी ती अंगाचा सगळा भार हातांवर टाकत होती, मला पत्र्यापलीकडून दिसत होतं. हाताला पायाचा जोर कुठला यायला. शेवटच्या चाकाला हादेबेनं विचारलं, "घट्ट आहे का?"

ती थांबली. मी टोमॅटो मोजून देत होते, पण ती थांबली हे मला आठवतंय.

"घट्ट आहे, बाबा."

"नक्की?"

"हो, बाबा."

तो बाहेर आला, सीटवर बसला, पायानं दोनतीनदा पेडल मारलं आणि गाडी काढून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. माझ्या टोमॅटोच्या ढिगासमोर येऊन गोगो अशी थांबली की मी किंचाळले.

"बघ!" तो खिडकीतून म्हणाला. बायको गेल्यापासून त्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. मी पुढे बसले, कारण आजारी माणसाला उचलायला एक दांडगी बाई हवी, आणि मांडीवर वीट घ्यायलाही कुणीतरी हवं. मागे सेन्झेनी, एक उशी, दोन घोंगड्या आणि आंबवलेल्या मक्याच्या पेजेची बाटली. तिनं केस नीट विंचरून तेल लावलं होतं. नवरा घरातून गेला तेव्हा ती पोरगी होती. आता तिच्या कपाळावर आडव्या रेघा होत्या आणि त्या रेघांवरही तिनं क्रीम लावलं होतं.

हादेबे दोन बोटांनी स्टेअरिंग धरून चालवत होता. "बघतेस ना? सरळ रेषेत जातेय."

"बघतेय. पुढे बघ तू."

"बेकी लहान असताना माझ्या मांडीवर बसून हिचं स्टेअरिंग धरायचा. आता धरवणार नाही म्हणा त्याला. बरा झाला की धरेल."

"हो बाबा," मागून सेन्झेनी.

वाटेत एसिगोदिनीचा उतार लागला. गाडीचा वेग आपोआप वाढला. हादेबेनं ब्रेक लावला, लागला. वळण संपलं आणि समोर गाढवं. चांगली सातआठ, रस्त्यावर आडवी, कान हलवत, जणू रस्ता त्यांच्या बापाचा. आमच्याकडची गाढवं हॉर्नला भीक घालत नाहीत. हादेबेनं पाय पूर्ण दाबला, सगळा जोर लावून.

काहीतरी फट्कन वाजलं. पेडल जमिनीला टेकलं.

"गेला," तो म्हणाला. ओरडला नाही, शांतपणे म्हणाला.

मग त्यानं स्टेअरिंग फिरवलं. आदल्या दिवशीपर्यंतचं स्टेअरिंग असतं तर आम्ही गाढवांमध्ये शिरलो असतो आणि पुढे दरीत. पण गाडीनं ऐकलं. वाळूत उतरली, काटेरी झुडपांमधून गेली, आणि एका मोठ्या वारुळात नाक खुपसून थांबली. वीट माझ्या गुडघ्यावर आपटली. सेन्झेनीचा ओठ फुटला. मरण आलं नाही, बस. गाढवं आमच्याकडे बघत उभी होती.

हादेबे लगेच खाली शिरला. मी वाट बघत होते की आता शिव्या देईल. आवाजच येईना. मी वाकून बघितलं. मागच्या चाकांच्या वरचा पाइप, जिथे तो धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली जातो, तिथे फुटला होता. पट्टीखाली पॉलिश कागद पोचत नाही. वरून काळा रंग चकचकीत, आत गंजून कागद झालेला. फुटला होता तिथे जुनी ओल होती. तेल तिथून आधीच पाझरत होतं. तो बोट लावून बघत होता. पुन्हा पुन्हा तेच बोट तिथे.

"चल," मी म्हटलं. "पोरगा वाट बघतोय. चल ना रे!"

रस्त्यावर उभे राहिलो. गाड्या जात होत्या, थांबत नव्हत्या. तेलानं काळा झालेला म्हातारा, ओठातून रक्त येणारी एक बाई आणि हातात वीट घेतलेली दुसरी. मी वीट अजून हातात का धरली होती देव जाणे. कोण थांबेल अशांसाठी? हादेबे प्रत्येक गाडीला हात जोडत होता. मी त्याला आयुष्यात कुणासमोर हात जोडताना पाहिलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं आणि उतरायला लागलं तेव्हा कोबीचा एक ट्रक थांबला. आम्ही कोबीवर बसून गेलो.

म्बालाबालाच्या फाट्यावर दुकानांपुढे एक बाभळीसारखं झाड आहे. त्याच्याखाली बेकी होता. अंगावर कुणाचंतरी फुलाफुलांचं कापड घातलेलं, तोंडावरूनही.

दुकानातली बाई धावत आली. "तुम्ही त्याचे बाबा का? मी पाणी दिलं हो त्याला. मक्याच्या पिठाचा इसित्श्वालाही दुधात कालवून दोन घास दिला, खाल्ला नाही. दुपारपर्यंत मला विचारत होता, साईच्या रंगाची गाडी दिसते का. दर थोड्या वेळानं. मी बाहेर जाऊन बघून यायची. नाही दिसत रे अजून, म्हणायची. मग विचारायचा थांबला."

सेन्झेनी त्याच्याशेजारी बसली आणि कापडाखाली हात घालून तिनं त्याचा हात शोधला. आवाज केला नाही. अगं रड की, मला म्हणावंसं वाटत होतं, सासरा आहे म्हणून रडायचंही नाही का तू? मीच रडले मग, चांगलं गळा काढून रडले.

हादेबेनं बेकीची पिशवी ओढून घेतली. उघडली. सगळं बाहेर काढलं. दोन शर्ट, रंगानं कडक झालेली एक पँट, गोळ्यांची रिकामी पाकिटं, अर्धा पाव. त्यानं पिशवी उलटी केली आणि झटकली. आतल्या खिशात हात घालून बघितलं. बाजूच्या खिशात बघितलं. मग सगळं घडी करून परत आत ठेवलं.

"पाइप विसरला वाटतं," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि खांद्याला लावली.

दफन गावी करायचं होतं, केझीकडे, बेकीच्या आईशेजारी. मयत मंडळाची गाडी शवपेटी नेणार आणि माणसं बसमधून जाणार असं ठरलं. अंगणात चुली मांडल्या, बायका जमल्या, आत घरात गाणी सुरू झाली. गोगोला कुणीतरी ट्रॅक्टरला बांधून परत आणून अंगणात सोडलं होतं. आणि हादेबे पुन्हा तिच्याखाली. जुन्या फ्रिजची तांब्याची नळी कापून तो फुटलेल्या पाइपच्या जागी बसवत होता.

"तो माझ्या गाडीतून घरी आला नाही," लोकांना सांगत होता. "निदान त्याच्यामागून मी माझ्या गाडीतून जाणार."

लोक मान वळवत होते. दुःखानं डोकं फिरलंय असं कुजबुजत होते. आत त्याचा मुलगा पेटीत आणि बाहेर हा पाना शोधतोय. मला राग येत होता आणि कीवही. त्याला दुसरं काही येत नव्हतं हो. ज्याला रडता येतं त्यानं रडावं, याला नट आवळता येत होते.

नळी बसली. तो बाहेर आला आणि हाक मारली, "सेन्झेनी."

ती आतून आली. अंगावर काळं कापड. गाडीच्या दाराशी येऊन तिनं गुडघे टेकले आणि हात पुढे केले.

"नाही," तो म्हणाला. "वर बस. पायानं दाब."

आतलं गाणं थांबलं. बेकीची आत्या, हादेबेची थोरली बहीण, चुलीपासून उठली. "काय बोलतोस तू? पोर अजून मातीत गेलं नाही आणि सून सासऱ्याच्या जागेवर? लोक काय म्हणतील?"

"बसू दे, ताई."

"तुला लाज नाही तर तिला तरी..."

"बसू दे म्हटलं ना!" तो ओरडला. आणि मग हळू, "बस, पोरी. चपला काढ आणि बस."

ती बसली. स्टेअरिंग तिच्या हातांपुढे आलं तर तिला हात कुठे ठेवावेत कळेना, मांडीवर ठेवले. हादेबे खाली गेला. त्याचे दोन पाय पुन्हा माझ्यासमोर.

"दाब."

"दाबलं, बाबा."

"सोड. दाब. सोड." बराच वेळ. मयत मंडळाची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. माणसं पेटी बाहेर काढायला उठली. "आता शेवटचं. दाब. घट्ट आहे का?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. आत्या बघत होती.

"नाही, बाबा," सेन्झेनी म्हणाली. "मऊ आहे."

"धरून ठेव."

"खाली जातंय, बाबा. हळूहळू खाली जातंय."

खाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग, "त्या दिवशीही जात होतं का?"

तिनं डोळे मिटले. "हो, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घट्ट आहे का एवढंच विचारलंत. दाबलं तेव्हा आधी घट्टच होतं. धरून ठेवल्यावर खाली जायचं." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, बाबा. तुम्हाला कसं सांगू?"

पेटी फाटकातून बाहेर गेली. बसवाल्यानं हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला. हादेबेचे पाय तसेच पडलेले, एक बूट सुटलेला.

"हादेबे," मी हाक मारली. "हादेबे, जिवंत आहेस का रे?"

पाय हलला नाही. गाडीखालून हुंदक्याचा आवाज यायला लागला, आणि सेन्झेनी पेडलवर पाय दाबून तशीच बसून राहिली, कारण तिला 'सोड' म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं.